खाडीत गरवताना आमिषाच्या या चुका टाळा

रॉड चांगला, दोरी नवी, भरतीची वेळही साधलेली, तरी संध्याकाळी पिशवी रिकामी. कोकणातल्या खाड्यांवर नव्याने गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, लागलेल्या मंडळींची ही नेहमीची तक्रार, आणि खापर फुटतं ते नशिबावर. माझ्या मते दोष बहुतेक वेळा गळाला काय लावलंय आणि ते पाण्यात कसं चाललंय यातच असतो. मासा कुठे आहे, तिथे तो काय खातोय आणि पाणी कसं आहे, एवढं कळलं की आमिष आपोआप ठरतं. आपण मात्र आधी दुकानात आमिष ठरवतो आणि मग त्यासाठी मासा शोधत फिरतो.

ट्राउटचा डबा खाडीवर नेणं

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या लूरच्या (नकली आमिषांच्या) डब्यांत चमचमणारे, पाण्यात फिरणाऱ्या पात्याचे छोटे स्पिनर भरपूर असतात. ते मुळात ट्राउटसारख्या माशासाठी बनवलेले. ट्राउट काश्मीर-हिमाचलच्या थंड, वाहत्या ओढ्यांतला. पाण्यावर पडणारे किडे, दगडाखालच्या अळ्या आणि बारीक मासळी हे त्याचं खाणं, म्हणून त्याचा लूर दोन-चार ग्रॅमचा आणि गळ बारीक तारेचा. तोच स्पिनर आचऱ्याच्या किंवा भाट्याच्या खाडीत तांबोशीने घेतला, की गळ सरळ होऊन परत येतो. न झाला तरी खाऱ्या पाण्याने दोन फेऱ्यांत गंजतो. खाडीसाठी गळ जाड तारेचा आणि खाऱ्या पाण्याला टिकणारा हवा, आणि घरी आल्यावर तो गोड्या पाण्यात धुऊन वाळवायलाच हवा.

ट्राउट धरणाऱ्यांकडून एक सवय मात्र जरूर उचलावी. ते आधी ओढ्यातला दगड उलटून खाली कोणत्या अळ्या आहेत ते पाहतात आणि तशीच दिसणारी नकली माशी दोरीला बांधतात. आपल्याकडे दगडाऐवजी कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळ्यांशी पाहायचं. बारीक कोळंबी उडतेय का, चिखलावर कुर्ल्यांची पिल्लं पळतायत का, बोयची पिल्लं काठाला लागलीत का? पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाहिलं तरी आमिषाचा आकार आणि रंग दोन्ही ठरतात.

उड्या मारणाऱ्या बोयवर लूर फेकणं

पाण्यावर खळबळ दिसली की हात शिवशिवतात. पण ती खळबळ बोयची असेल तर लूर फुकट. बोय चिखलावरचं शेवाळ आणि कुजकं बारीक खाणं टिपणारा मासा, तो लूरच्या मागे धावत नाही. तो धरायचा असेल तर बारीक गळ आणि कणकेची किंवा पावाची छोटी गोळी. काळुंद्रालाही तशीच गोळी चालते, नाहीतर गांडूळ. पण गांडूळ खाडीच्या वरच्या, गोडसर पाण्यातच टिकतं, खारं पाणी लागलं की लगेच मरतं.

बोयचा थवा एकदम फुटून चौफेर उडाला तर गोष्ट वेगळी. त्याच्याखाली कोणीतरी शिकार करतंय. तेव्हा थव्याच्या मध्यावर न टाकता कडेला, बोयच्याच मापाचा लूर टाकावा.

कोळंबी लावायची कशी

जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी जिवंत कोळंबीच्या तोडीचं आमिष नाही. पण ती लावताना नव्वद टक्के काम बिघडतं. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या बुडाशी, कवचातून आरपार एक काळसर डाग दिसतो. गळ त्या डागात गेला की कोळंबी जागीच मरते. गळ डागाच्या पुढे, काट्याखालच्या कवचातून आडवा काढावा. मग ती पाय हलवत राहते, मधेच शेपटी मारून मागे उसळी घेते, आणि त्या उसळीवरच मासा येतो. प्रवाह जोरात असेल तर शेवटच्या पेऱ्यातून, शेपटीजवळ लावावी.

बादलीत खूप कोळंबी कोंबून उन्हात ठेवू नये. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि तासाभरात निम्मी पांढरी पडते. बादली सावलीत ठेवा, पाणी सारखं बदला, मेलेली लगेच काढा. बाजारातली सोललेली, बर्फातली कोळंबी आणणार असाल तर न आणलेली बरी. ती मऊ पडते आणि फेकतानाच गळावरून सुटते.

मेलेलं आमिष वापरायचंच तर ताजा बांगडा किंवा तारली घ्या. बांगड्याची कातडीसकट लांबट, निमुळती पट्टी कापा आणि गळ फक्त रुंद टोकाच्या कातडीतून एकदाच काढा, म्हणजे पट्टी प्रवाहात शेपटीसारखी हलते. पट्टीचा बोळा करून दोन-तीनदा गळ खुपसला तर ती पाण्यात गरगर फिरते आणि दोरीला पीळ बसतो. आदल्या रात्री पट्ट्यांना मीठ लावून ठेवलं की त्या घट्ट होतात. शिंगाळ्याची आणि बारीक माशांची पिल्लं आमिष कुरतडत असतील तर माकुल (स्क्विड) लावा, ते चिवट असल्याने टिकतं. शिंगाळा लागलाच तर हाताने धरू नका, त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं.

पाण्याचा रंग न पाहता लूरचा रंग निवडणं

पावसात वाशिष्ठी, शास्त्री, काजळी सगळ्या नद्या जांभ्याची लाल माती घेऊन खाली येतात. त्या गढूळ पाण्यात चंदेरी, नाजूक मिनो (बारीक माशाच्या आकाराचा लूर) दिसतच नाही. तिथे मासा नजरेपेक्षा वासावर आणि पाण्यातल्या कंपनांवर चालतो. म्हणून खुळखुळणारा, जाडजूड, गडद किंवा भडक लूर, नाहीतर सरळ वासाचं आमिष. हिवाळ्यात खाडी निवळली की उलट: चंदेरी, हिरवट, नैसर्गिक रंग, बारीक लीडर (गळाजवळचा दोरीचा वेगळा तुकडा) आणि काठावर कमी आवाज. पहाटेच्या अंधूक उजेडात मात्र काळा लूर चांगला चालतो, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशासमोर त्याची आकृती ठळक दिसते. लाल रंगावर फार भरवसा ठेवू नये. खोलीत सगळ्यात आधी तोच नाहीसा होतो.

थांबलेल्या पाण्यात ताकद घालवणं

आमिष कितीही चांगलं असलं तरी पाणी हललं पाहिजे. मुंबईकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणला भरती थोडी आधी लागते आणि खाडीच्या आत जावं तशी उशिरा पोचते. ओहोटी सुरू झाली की कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि पिल्लं लहान चोंढ्यांतून (ओहोळांतून) बाहेर वाहू लागतात, आणि जिताडा त्या चोंढ्याच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. तिथे लूर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून पाण्याबरोबर खाली आणायचा. प्रवाहाविरुद्ध ओढलेला लूर त्याच्या शेपटीकडून येतो, आणि कोणतंही पिल्लू तसं येत नसतं.

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ जास्त, तेव्हा जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ) जड लागतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरतीला, हलका पुरतो, जड लावला तर मुळ्यांत अडकून लूर जातो. कांदळाजवळ तीन टोकांचे गळ काढून एकेरी गळ लावणं सगळ्यात शहाणपणाचं. सॉफ्ट प्लास्टिकमध्ये (मऊ रबरी लूरमध्ये) तर गळाचं टोक रबरातच लपवता येतं.

झटके येतात, मासा लागत नाही

टकटक असे बारीक झटके येत असतील तर तो बारीक मासा आहे. गळ आणि आमिष दोन्ही लहान करा, नाहीतर जागा बदला. जोरात एक ओढ येऊन सुटत असेल तर गळाचं टोक नखावर घासून पाहा. नखात रुतलं नाही तर ते बोथट आहे. जिताड्याचं तोंड कडक असतं, बोथट गळ त्यात शिरत नाही. सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) वापरत असाल तर झटका मारूच नका. दोरी ताणली जाऊ द्या आणि सावकाश गुंडाळा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारला की तो तोंडातून निघून येतो.

दोरी स्वच्छ कापून येत असेल तर कोण होतं ते ओळखा. खडपावरून किंवा होडीतून सुरमई लागत असेल तर तारेचा लीडर हवा. खाडीत जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, तिथे जाड मोनोचा (एकेरी नायलॉन धाग्याचा) लीडर पुरतो. तारेमुळे लूर ताठ चालतो आणि निवळ पाण्यात मासा बिचकतो.

आणि मासा लूरच्या मागे मागे येऊन काठाशी वळत असेल तर रंग बदलण्याआधी वेग बदला. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये आपला पहिला मिनो कोरला, तो जखमी पिल्लाची अडखळती, तिरकी चाल बघून. एकसुरी वेगाने गुंडाळलेला लूर निरोगी माशासारखा पळतो. दोन-तीन वेढे गुंडाळा, थांबा, रॉडचं टोक हलकेच हलवा, पुन्हा गुंडाळा. घेणारा मासा बहुधा त्या थांबण्यावरच घेतो, म्हणून थांबताना दोरी सैल सोडू नका.