मित्रकिडींना वर्षभर थारा: खानापूरपासून अथणीपर्यंत

बेळगाव जिल्ह्यात एकाच पद्धतीनं सगळी शिवारं सांभाळता येत नाहीत. खानापूरला भातखाचरं आणि लागूनच जंगल, चिकोडी-अथणीकडं नजर जाईल तिथं ऊस, सौंदत्तीकडं काळ्या रानात शाळू-हरभरा. पण मित्रकिडी, म्हणजे पिकावरची कीड खाणारे किडे, कोळी आणि मधमाश्या, सगळीकडं एकाच वेळी संपतात: पीक निघतं, बांध पेटतो, फुलं उरत नाहीत. त्या मधल्या दिवसांची सोय करणं हेच खरं काम.

उसात पाचट जाळू नका. सरीआड सरीत पसरा, त्यात कोळी आणि भक्षक भुंगेरे तग धरतात. 2002 साली उसाचा रस शोषणारा लोकरी मावा आला, तेव्हा त्याला आवरायला डिफा अळी आणि मायक्रोमस या भक्षकांचा मोठा हात होता. पान उलटून पाहा. पांढऱ्या लोकरीत रेशमी जाळं दिसलं तर आत डिफा आहे. असली पानं कापून नव्यानं मावा पडलेल्या फडात बांधा. फडाच्या कडेला चवळीच्या दोन ओळी टोका. चवळीवरचा काळा मावा उसाला लागत नाही, ढालकिडे मात्र त्यावर पोसतात. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून मारलं जातं, हे फार मोठं नुकसान.

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावता, तर नीट लावा. त्यावरच्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी निघते आणि खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती संपवते. एका कार्डावर सुमारे 20,000 अंडी असतात. लागणीनंतर महिन्यानं सुरुवात करून दर 10 दिवसांनी एकरी एक कार्ड पुरतं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या पालथ्या बाजूला टाचा आणि रानभर विखरा. एकाच कोपऱ्यात लावल्यास उपयोग नाही, कारण ही गांधीलमाशी इतकी बारीक की लांब उडत नाही. उशीर झाला तर माश्या पाकिटातच निघतात. पट्ट्या जमिनीलगत लावल्या तर मुंग्या अंडी खातात. आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर फवारा नको.

भातात लावणीनंतर पहिले 30 दिवस पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी फवारू नका. रोप ती झीज भरून काढतं आणि तेवढ्यात कोळी, चतुर वाढतात. बांधाचं गवत एकदम कापू नका, आज एक बाजू, पंधरवड्यानं दुसरी. बांधावर तूर, चवळी, झेंडू लावा.

कोरडवाहू रानात शाळूच्या कडेनं करडई किंवा धणे पेरा. करंज आणि कडुलिंब तोडू नका. उन्हाळ्यात बाकी रान ओसाड असताना मधमाश्यांना त्यांचाच मोहर मिळतो. अनेक एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बीळ करतात. म्हणून बांधालगत दोन हात रुंद, पाणी न साचणारी जागा नांगरू नका. निपाणीकडं तंबाखूच्या कडेनं एरंडी लावा. लष्करी अळीचे अंडीपुंज तिच्या पानांवर सापडतात, ते खुडून टाका. मुख्य पिकात फवारा मारायची वेळ टळते.

फवारणी करावीच लागली तर ऊन उतरल्यावर, तीही फक्त लागण झालेल्या पट्ट्यात. सायपरमेथ्रिनसारखी औषधं सरसकट मारली तर ढालकिडे आधी मरतात. मावा आठवड्याभरात पिल्लं घालून पुन्हा वाढतो, ढालकिड्याची पिढी व्हायला तीन-चार आठवडे लागतात. दुसऱ्या फवारणीनंतर मावा वाढलेला दिसतो तो म्हणूनच.