ट्रकमध्ये मागची सीट बसवून घेण्याआधी

टेक्सासमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच फोन येतो. पिकअप ट्रक स्वस्तात मिळालाय, पुढच्या सीटांमागे चांगली जागा आहे, पण तिथे सीट नाही. पुढच्या महिन्यात बायको-मुलं येतायत, तर सीट टाकून घेऊ का? माझं उत्तर नाही असं आहे. ते का, हे फोनवर घाईत नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही २००७ साली सांगलीहून मिडलंडला आलो. नवरा सहा महिने आधी आला होता. एकट्या माणसाला तेलविहिरींवर जायला-यायला ट्रक लागतो, म्हणून त्याने जुना एक्स्टेंडेड कॅब घेतला. पुढे दोन सीटा आणि मागे सामानापुरती जागा. मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. गावातल्या एका गॅरेजवाल्याने भंगारातल्या ट्रकची बाकासारखी सीट आणि दोन बेल्ट आणून अर्ध्या दिवसात बसवून दिले. सीट हलवून पाहिली तर घट्ट होती. आम्ही खूश झालो. त्या काळी टेक्सासमध्ये गाडीची दरवर्षी तपासणी व्हायची, त्यातही ट्रक पास झाला.

आठ महिन्यांनी मुलीची नवी कारसीट, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायची लहान मुलांची खुर्ची, नीट बसली आहे का हे पाहायला मी मोफत तपासणी शिबिरात गेले. तिथल्या बाईंनी कारसीटला हातही लावला नाही. त्यांनी आधी मागची सीट पाहिली, मग गुडघ्यावर बसून ट्रकच्या खाली टॉर्च मारला आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. बेल्टचा बोल्ट जमिनीच्या पत्र्यातून खाली आलेला होता, त्याला एक नट आणि रुपयाएवढा वॉशर. रोजच्या ये-जा करण्याने वॉशरभोवतीचा पत्रा बशीसारखा वर ओढला गेला होता आणि भोकाच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. माझी मुलगी आठ महिने त्या चिरेच्या भरवशावर बसत होती. त्या दिवशी मी तिला त्या सीटवरून घरी नेलं नाही.

आपण वडापात वाढलेली माणसं. जीपच्या मागे समोरासमोर दोन बाकं, त्यावर दहा जण आणि एक जण बाहेर लटकलेला, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यामुळे सीट म्हणजे बसायची जागा, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. अपघाताच्या वेळी सीट म्हणजे गादी नसते. जमिनीत वेल्ड केलेला नट, त्याखालची जाड पट्टी, त्यात बसलेला बोल्ट आणि त्या बोल्टला धरून असलेला बेल्ट, हे सगळं मिळून सीट होते. गादी त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे.

ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर वेगाने ट्रक आदळला आणि दोन फुटांत थांबला, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या जवळपास १५ पट जोर येतो. १५ किलोचं मूल त्या क्षणी सव्वादोनशे किलोच्या ओझ्यासारखं पुढे खेचलं जातं. मोठ्या माणसाचा हिशोब हजार किलोंच्या पुढे जातो. म्हणूनच इथल्या संघीय सुरक्षा मानकांपैकी २१० क्रमांकाचं मानक सांगतं, की कमरेच्या आणि खांद्याच्या अशा दोन्ही पट्ट्यांच्या बेल्टची टोकं जिथे जोडलेली असतात, त्या जागांनी दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी प्रत्येकी ३,००० पौंडांचा ओढा १० सेकंद सोसला पाहिजे. ३,००० पौंड म्हणजे साडेतेराशे किलोंच्या आसपास. प्रत्येक पट्टीला एकेक लहान मोटार टांगल्यासारखंच. २०७ क्रमांकाचं मानक सीटच्या पायांबद्दल आहे. सीटच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढा तिने पुढे आणि मागे झेलायचा असतो. कारखाना यासाठी चाचण्या करतो. गॅरेजवाला सीट हाताने हलवून बघतो.

आता कायद्याचं. इथे लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते, कारण कायदा तुम्हाला थेट अडवत नाही. संघीय कायदा गॅरेज, डीलर, कारखाना यांना बांधतो. गाडीत मुळात बसवलेली सुरक्षा जाणूनबुजून निकामी करायची त्यांना मनाई आहे. मालकाने स्वतःच्या अंगणात स्वतःच्या ट्रकला भोकं पाडली, तर ते कलम त्याला लागू होत नाही. त्यात १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. मोठ्या शहरांभोवतीच्या १७ काउंट्यांमध्ये धुराची चाचणी राहिली, पण तिथे तुमच्या सीटखाली कोणी टॉर्च मारणार नाही. चालतंय म्हणजे योग्य आहे, असा अर्थ कृपया काढू नका. तिथे बघणारं कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि आरटीओ निदान विचारतो तरी. इथे ती जबाबदारी पूर्ण तुमची आहे.

टेक्सासचा कायदा दुसऱ्या बाजूने मात्र कडक आहे. ८ वर्षांखालचं मूल, उंची ४ फूट ९ इंचांपेक्षा जास्त नसेल तर, कारसीट किंवा बूस्टरमध्येच (मुलाला उंच बसवणारी छोटी सीट) हवं, आणि ती बनवणाऱ्याच्या सूचनांप्रमाणे बसवलेली हवी. त्या सूचना वाचल्या की कळतं, ज्या जागेला धड बेल्ट नाही तिथे कारसीट बसवताच येत नाही. मोठ्यांनाही पुढे-मागे सगळीकडे बेल्ट सक्तीचा आहे. ट्रकच्या उघड्या हौद्यात १८ वर्षांखालच्यांना बसवायला बंदी आहे. शेतकामाला, मिरवणुकीला सवलती आहेत, पण टेम्पोत बसून लग्नाला जायची आपली सवय इथे आणू नका.

तुमच्याकडे ट्रक आधीच आला असेल, तर आज एक गोष्ट करा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर टायरच्या हवेचं एक लेबल असतं. त्यावर एकूण किती जणांची गाडी आहे, पुढे किती, मागे किती, असे आकडे छापलेले असतात. मागे ० लिहिलं असेल, तर कारखान्याने त्या जमिनीवर माणूस बसेल असं धरलेलंच नाही. त्याच लेबलवर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तेही लिहिलेलं असतं. २०२४ पासूनच्या टोयोटा टॅकोमाचा एक्स्ट्राकॅब असाच आहे. दोन दरवाजे, मागे सामानाची जागा, सीट नाही. त्याआधीच्या टॅकोमाच्या ॲक्सेस कॅबमध्ये मागे छोट्या सीटा मिळायच्या. जुन्या जाहिराती बघून नवा ट्रक घेऊ नका.

एक अपवाद मी मान्य करते. काही ट्रक मागच्या सीटा वगळून विकले गेले, पण त्याच वर्षीचं तेच मॉडेल सीटांसहही विकलं जात होतं. अशा वेळी गालिच्याखाली वेल्ड केलेले नट तयार असू शकतात. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घेऊन डीलरच्या पार्ट्स काउंटरवर जा. माझ्या या ट्रकच्या जमिनीत आणि खांबांत सीट व बेल्टचे मूळ जोड आहेत का, हे लेखी विचारा. हो असेल तर कंपनीचे नवेच बेल्ट, कंपनीचेच बोल्ट आणि काम त्यांच्याकडूनच. बेल्टचा बोल्ट बहुतेक ७/१६ इंची, खास कडक पोलादाचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला तसाच दिसणारा बोल्ट तिथे चालत नाही. भंगारातला बेल्ट तर मुळीच घेऊ नका. तो आधी एका अपघातात ताणला गेलेला असू शकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवं भोक पाडावं लागणार असेल, तर तिथेच थांबा. आणि काम झालं की विमा एजंटला लेखी कळवा.

जुन्या फोर्ड रेंजर किंवा शेव्ही एस-१० मध्ये कारखान्यानेच मागे आडव्या तोंडाच्या जंप सीटा दिलेल्या सापडतील. वडापाच्या बाकासारख्याच. त्या बेकायदेशीर नाहीत, पण त्यावर कारसीट बसवायची नाही. कारसीट पुढे किंवा मागे तोंड करूनच चालते, आडवी कधीच नाही. माझ्या मते मूल असलेल्या घराने हे ट्रक बघायलाच जाऊ नये.

मग ट्रक विकला जाईपर्यंत करायचं काय? पुढे तोंड करून बसणारं मूल असेल, तर कारखान्याच्या पुढच्या सीटवर, सीट अगदी मागे सरकवून, कारसीट नीट बांधून न्या. मुलांनी १३ वर्षं पूर्ण होईपर्यंत मागेच बसावं हा इथला सल्ला योग्यच आहे, पण गॅरेजात जोडलेल्या मागच्या सीटपेक्षा पुढची मूळ सीट मी केव्हाही निवडेन. तान्ह्या बाळाची, मागे तोंड असलेली कारसीट मात्र चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या कारसीटच्या पाठीवर आदळते. काही जुन्या ट्रकमध्ये किल्लीने एअरबॅग बंद करायची सोय असते. मागे सीटच नसलेल्या गाडीला असं बटण बसवायची परवानगी महामार्ग सुरक्षा प्रशासन, म्हणजे एनएचटीएसए, अर्ज केल्यावर देतं. पण बाळ येणार असेल, तर गाडी बदलणं हाच सोपा मार्ग आहे.

आम्ही तेच केलं. ट्रक तोट्यात विकला, घेणाऱ्याला ती चीर दाखवून. त्या वर्षी घरी जायची तिकिटं रद्द झाली, सासूबाई नाराज झाल्या. मला आजही त्याचं काही वाटत नाही.

ट्रकच हवा असेल तर क्रू कॅब बघा. चार पूर्ण दरवाजे, मागे मोठ्या माणसांची सीट, खांद्यापर्यंतचे बेल्ट आणि कारसीटचे हूक. मधल्या आकाराचेही असतात, उदाहरणार्थ शेव्ही सिल्व्हराडोचा डबल कॅब, ज्याचे चारही दरवाजे स्वतंत्र उघडतात. फोर्ड एफ-१५० च्या सुपरकॅबचे मागचे दरवाजे पुढचा उघडल्याशिवाय उघडत नाहीत. शाळेसमोर रांगेत उभं असताना हे फार जाचतं आणि अपघातात त्याहून जास्त.

पैसे देण्याआधी मुलाची कारसीट सोबत न्या आणि ट्रकच्या मागे प्रत्यक्ष बसवून बघा. पुढची सीट नवऱ्याच्या उंचीला सरकवा आणि मगच मागे किती जागा उरते ते मोजा. कारसीटचा वरचा पट्टा कुठे अडकतो ते विचारा, कारण बऱ्याच पिकअपमध्ये तो सीटमागच्या कापडी फासातून शेजारच्या जोडापर्यंत न्यावा लागतो आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं. नंतर टेक्सास वाहतूक विभागाच्या जिल्हा कार्यालयात वेळ घेऊन मोफत तपासणी करून घ्या. अर्धा तास लागतो. मूल सोबत न्या, त्याची उंची आणि वजन तिथे बघतात.