स्नेक प्लांट घरी आणायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

स्नेक प्लांटची सगळी तयारी ते घरी यायच्या आधी करून ठेवायची, कारण एकदा आलं की त्याचं करण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि मग आपण काय करतो तर पाणी घालतो. माझं पहिलं झाड असंच गेलं. भर पावसाळ्यात आणलं, छान पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत ठेवलं, कुंडीला खाली भोक नव्हतं आणि मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. दीड महिना पानं ताठ, हिरवीगार, सगळे कौतुक करत होते, आणि एक दिवस पुसायला म्हणून पान धरलं तर ते हातातच आलं, खालचं टोक पिवळट, पचपचीत, आणि सडलेल्या कांद्यासारखा वास. वरून काहीही कळलं नव्हतं. पानांत इतकं पाणी साठवलेलं असतं की खाली मुळं गेली तरी वर पान कितीतरी दिवस टवटवीत दिसतं, म्हणून ही यादी मी आता झाड मागणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सगळ्यात आधी जागा ठरवा, आणि ती दिवसा बघून ठरवा. हे झाड अंधारात चालतं असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. अंधारात ते मरत नाही लगेच, पण वाढतही नाही, आणि वाढत नसलेलं झाड पाणी पीत नाही, त्यामुळे कुंडी ओलीच राहते आणि पुन्हा तेच सडणं. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो अशी जागा चांगली. बाल्कनीत ठेवायचं असेल तर सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण नर्सरीत ते हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवू नका, पानांवर पांढरट करपलेले पट्टे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू सरकवत न्या. मूळचं हे पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरिया, काँगो त्या बाजूचं, त्यामुळे आपला उन्हाळा सोसतं पण थंडी नाही, १० अंशांच्या खाली पारा गेला की त्याला त्रास होतो, तेव्हा नाशिक-निफाडकडच्या लोकांनी डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्रीची आत घ्यायची जागाही आत्ताच बघून ठेवा. एसीचा झोत अंगावर येईल तिथेही नको.

मग कुंडी. साधी मातीची घ्या, खाली भोक असलेली, मुळांच्या गोळ्यापेक्षा एक-दोन इंचच रुंद. मोठी कुंडी घेऊ म्हणजे पुन्हा बदलायला नको असं वाटतं, पण जास्तीची माती म्हणजे जास्तीचं पाणी धरून ठेवणं, आणि या झाडाला दाटीत राहायलाच आवडतं. नवीन कुंडी असेल तर आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर ती मातीतलं पाणी पहिल्यांदा स्वतःच ओढून घेते. भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवायचा, बस. खाली दोन इंच खडी घालतात ना, ते करू नका. खडीने निचरा वाढत नाही, उलट पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं आणि ओला थर मुळांच्या जास्त जवळ येतो. आणि कुंडीखालची ताटली रिकामी करायची सवय घरात लावून घ्या.

माती ही खरी तयारी, इथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. नर्सरीतली बरीच झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून येतात, चिकट मातीच्या गोळ्यात, प्रवासात सुटू नये म्हणून तशी माती लागतेच, पण घरी कुंडीत ती विटेसारखी घट्ट होते, वरून पाणी घातलं तर कडेने निघून जातं नाहीतर आत आठवडाभर बसून राहतं. मी मापाला श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा वापरते, चार डबे बागेतली माती, तीन डबे जाडी वाळू, दोन डबे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक डबा गांडूळखत आणि वरून मूठभर निंबोळी पेंड. वाळू चाळून घ्या, चाळणीतून खाली पडते ती बारीक टाकून द्यायची, वर राहते ती घ्यायची. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये धूळ फार असते, ती धुऊन घ्या, आणि कोकणातल्यांनो समुद्राची वाळू मुळीच नको, मीठ असतं. वाळू मिळत नसेल तर परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे), तेही नसेल तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवली की बादलीभर फुगते, तेव्हा सगळी वापरायची म्हणून वापरू नका, आणि एकदा-दोनदा धुऊन पिळून घ्या. तयार मिश्रण ओलसर करून मुठीत दाबून बघा, मूठ उघडल्यावर लाडू झाला आणि बोटाने टोचला की लगेच फुटला तर जमलं, लाडू तसाच राहिला तर अजून वाळू.

एवढं झालं की नर्सरीत जा. तिथे उंची बघू नका, बुंधा बघा. प्रत्येक पान मातीजवळ दोन बोटांनी हलकेच दाबायचं, कडक लागलं पाहिजे, मऊ लागलं तर ते झाड तिथेच ठेवून द्यायचं. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, तेही नको. पिशवी एका बाजूने फुगलेली किंवा फाटलेली असेल तर ते झाड आवर्जून घ्या, आतला कंद पसरायला लागलाय, म्हणजे तब्येत उत्तम. घरी आणल्यावर बाकीच्या झाडांपासून पंधरा दिवस लांब ठेवा.

कुंडीत लावायच्या दिवशी हाताशी जुना पेपर, धारदार सुरी, सुरी पुसायला स्पिरिट आणि थोडी हळद. पिशवी कापून चिकट माती हळूहळू मोकळी करा, कंद पिवळसर-नारिंगी आणि कडक असतो, काळं मऊ काही दिसलं तर ते कापून टाका, कापलेल्या जागी हळद लावा आणि झाड सावलीत दोन-तीन दिवस तसंच उघडं ठेवा. हो, मातीशिवाय. काही होत नाही त्याला. जखम सुकल्यावर लावा आणि पुढचे चार-पाच दिवस पाणी नाही. लावायला फेब्रुवारी ते मे हा काळ बरा, भर पावसात कापाकापी टाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी सांगत नाही, घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून ठेवा. आमच्याकडे सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत, तांदळाचं धुवण असलं तर तेही, कामाच्या मावशी फरशी पुसताना दोन घोट घालणार, मुलगा शाळेत झाडांबद्दल शिकून आला की तो घालणार. सगळे मायेने करतात, आणि झाडाला रोज तीन वेळा पाणी मिळतं. चहाचा चोथा पण यात नको, चिलटं होतात. मी सासूबाईंना दोन कुंड्या उचलायला लावल्या, एक पाणी घातलेली, एक वाळलेली. फरक हाताला लगेच कळतो. आता त्याच उचलून बघतात आणि मला आतून हाक मारतात, "अगं, हलकी झालीय, घाल आज," आणि त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर असतो.

वजन कळत नसेल तर जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, काडीला माती चिकटून आली किंवा ती गार लागली तर पाणी नाही. पुण्यासारख्या हवेत मला उन्हाळ्यात साधारण दहा-बारा दिवसांनी घालावं लागतं, थंडीत तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात महिनाभर हात लावला नाही तरी चालतं. घालाल तेव्हा पानांच्या मधोमध नाही, कडेने मातीत, खालून पाणी बाहेर येईपर्यंत, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करा म्हणजे दोघांनी घातलं असं होत नाही. इतकं कमी पाणी का पुरतं, तर हे झाड पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, गारव्यात कार्बन डायऑक्साईड घेऊन साठवतं, त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही.

यावरूनच "रात्री ऑक्सिजन देतं" असे मेसेज फिरतात, पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच, तेव्हा त्यासाठी बेडरूममध्ये चार कुंड्या ठेवायची गरज नाही. हवा शुद्ध करतं हे पण तसंच, नासाचा १९८९ चा अभ्यास छोट्या बंद पेटीत केलेला होता, आणि २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की उघड्या दारं-खिडक्यांइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. खिडकी उघडा. झाड मात्र आवडतं म्हणून आणा, ते पुरेसं आहे.

खत वेगळं आणू नका, मार्चमध्ये वरची इंचभर माती काढून मूठभर गांडूळखत घातलं की वर्ष निघतं. पानं चमकवायचे स्प्रेही नकोत, जुना सुती पंचा ओला करून पिळायचा आणि एक हात पानाच्या मागे धरून खालून वर पुसायचं, टोक मोडू द्यायचं नाही, मोडलं की ते परत येत नाही. मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर हवी, पानं चावली तर उलट्या होतात, रांगतं बाळ असेल तरी तेच.

आणि एक रिकामी छोटी कुंडी आणि दोन डबे माती बाजूला ठेवून द्या. वर्षा-दीड वर्षात कडेला माती थोडी उचललेली दिसेल आणि तिथून सुईसारखं टोकदार, फिकट हिरवं गुंडाळलेलं पान वर येईल. ते पिल्लू. लगेच काढू नका, आईच्या निम्मं उंच होऊ द्या, मग कंदासकट कापून वेगळं करा. पिवळ्या काठाची जात असेल तर असंच करावं लागतं, पानाचा तुकडा लावला तर झाड येतं पण साधं हिरवं, पिवळा काठ निघून जातो. माझं पहिलं पिल्लू शेजारच्या काकूंकडे गेलंय, कुंडीला भोक आहे हे मी आधी जाऊन बघून आले.