नागपूरहून यॉर्क, बाथ, एडिनबरा: आखणी कशी करावी

दिवाळीच्या सुट्टीपेक्षा उन्हाळ्याची सुट्टी निवडा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे जातात आणि यॉर्कला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथला सुमारे 3.4 किलोमीटरचा तट (शहराभोवतीची भिंत) अंधार पडताना बंद होतो, म्हणजे दुपारी उशिरा पोहोचणाऱ्याला तो चालायलाच मिळत नाही. मे महिन्यात मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो. फक्त मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार टाळा. सार्वजनिक सुट्टीमुळे हॉटेले भरतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. नागपूरहून लंडनला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीला बदलताना हातात भरपूर वेळ ठेवा.

रेल्वेत खरी बचत होते. ॲडव्हान्स (आगाऊ काढायची स्वस्त) तिकिटे साधारण बारा आठवडे आधी खुली होतात, पण ती ठरवलेल्या त्याच गाडीला चालतात. गाडी चुकली की नवे तिकीट काढावे लागते, म्हणून विमान उतरल्या दिवशीचे असे तिकीट घेऊच नका. दोघे जात असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते चालत नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाहून यॉर्क सुमारे दोन तास, एडिनबरा साडेचार. बाथची गाडी लंडनच्याच पॅडिंग्टन स्थानकाहून सुटते. तिथल्या रोमन कुंडाच्या झऱ्याचे पाणी 46 अंश असते, पण त्यात उतरता येत नाही.

नागपूरच्या मेमधून निघताना जाकीट विसरू नका.