फौजेतून ऑन्टारियोच्या कोर्टात: नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी

निवृत्त मेजर-कर्नल मंडळींचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो: कॅनडात येऊन वकील होता येईल का? होता येतं. पण त्यातलं पहिलं काम टोरांटोत उतरल्यावर करायचं नसून निघण्याआधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खेटे घालून उरकायचं आहे. परदेशी कायद्याची पदवी इथे नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन, म्हणजे एनसीए, तपासते. गुणपत्रिका त्यांना तुमच्या हातून चालत नाहीत, विद्यापीठाने थेट पाठवाव्या लागतात. ते काम इथे बसून ईमेलवर होईल अशा भ्रमात राहू नका. वर्गात न बसता पदरात पाडलेली एलएलबी असेल तर आधी एनसीएला विचारा, मग तिकीट काढा. सनद नसली तरी मात्र अडत नाही; नोकरीत असताना नुसती पदवी घेऊन ठेवलेल्यांनाही अर्ज करता येतो.

स्थलांतराच्या अर्जात फौजेतल्या नोकरीचा वेगळा तपशील मागतात: हुद्दा, युनिट, ठिकाण, तारखा. इथे आपली माणसं गोपनीयतेच्या नावाखाली गोलमाल लिहितात आणि फाइल अडकते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जे आहे ते तारखेला तारीख जुळवून लिहा. त्यापलीकडचं काही लिहायची गरज नाही. 2010 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका निवृत्त जवानाला व्हिसा नाकारताना त्या दलाबद्दलच वाईट शब्द वापरले गेले होते. पुढे कॅनडा सरकारने खेद व्यक्त केला, तरी सुरक्षा तपासणीला वेळ लागतो तो लागतोच. त्या काळात घरच्यांना तारखा देऊ नका.

आल्यावर पहिली नोकरी बहुधा सिक्युरिटी गार्डची मिळते. निदान 40 तासांचं प्रशिक्षण, एक परीक्षा, परवाना, आणि पुन्हा अंगावर गणवेश, फक्त खांद्यावर काही नसतं. अनेकांचा जीव इथेच घुसमटतो. माझं मत स्पष्ट आहे: घ्या ती नोकरी, आणि रात्रपाळी मागून घ्या. इमारतीच्या दारात मध्यरात्रीनंतर जितका अभ्यास होतो तितका घरी होत नाही. सुपरवायझर पंचविशीतला असेल आणि नावाने हाक मारेल. त्याला तुमची रँक सांगू नका. त्याला तिचं काही देणंघेणं नाही.

एनसीए साधारणपणे सगळ्यांनाच पाच विषय देते: कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं, राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी. तुमच्या पदवीनुसार आणखीही विषय येऊ शकतात. पुस्तकं उघडी ठेवून लिहायच्या परीक्षा आहेत म्हणून गाफील राहू नका. राज्यघटनेचा सांगाडा तुलनेने ओळखीचा वाटेल, कारण भक्कम केंद्र असलेल्या संघराज्याची कल्पना आपल्या घटनाकारांनी कॅनडाकडूनही घेतली आहे. 1982 चं चार्टर, म्हणजे घटनेतला नागरिकांच्या हक्कांचा भाग, आणि मूलनिवासींचे हक्क मात्र पहिल्यापासून शिकावे लागतात.

खरी अडचण फौजदारी कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी या दोन विषयांत येते, आणि ती पुस्तकातली नसते. कोर्ट मार्शलमध्ये तुम्ही कधी डिफेंडिंग ऑफिसर म्हणून उभे राहिला असाल तर आठवून बघा: बचाव करत होता, पण आरोपी, प्रॉसिक्युटर, तुम्ही आणि समोर बसलेले मेंबर सगळे एकाच फौजेचे होते. त्यामुळे मनाच्या कोपऱ्यात 'संस्थेचं नाव' बसलेलं असायचं. इथे ते चालत नाही. तुमची निष्ठा अशिलाशी आणि न्यायालयाशी. गुन्हा कबूल करायचा की नाही हे ठरवतो तुमचा एकोणीस वर्षांचा अशील. तुम्ही सल्ला देता, हुकूम तो सोडतो. वीस वर्षं निर्णय घेऊन दुसऱ्यांना ऐकवलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. मला वाटतं, फौजी वकिलांत चांगला कोण आणि सुमार कोण हे इथेच ठरतं.

सरकार पक्षाशी वागतानाही नजर बदलावी लागते. 1991 च्या स्टिंचकोम निकालापासून सरकारी वकिलाला हातातला सगळा संबंधित पुरावा बचावाला द्यावा लागतो, तुमच्या बाजूचा असो वा विरोधातला. 2016 च्या जॉर्डन निकालाने खटल्याला मुदत घातली: प्रांतिक न्यायालयात 18 महिने, वरिष्ठ न्यायालयात 30. त्यापुढचा विलंब सरकारला समर्थनीय ठरवता आला नाही तर खटलाच थांबतो. तारखांवर तारखा पाहिलेल्या आपल्या माणसाला हे आधी खरंच वाटत नाही.

परवान्याच्या परीक्षांचे नियम लॉ सोसायटी ऑफ ऑन्टारियो, म्हणजे इथे वकिलीचा परवाना देणारी संस्था, बदलत असते, तेव्हा जुन्या वकिलांच्या आठवणींवर, माझ्याही, विसंबू नका. उमेदवारीसाठी एखाद्या वकिलाच्या हाताखाली आर्टिकलिंग असतं. ते मिळालं नाही तर टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा चार महिने शिक्षण आणि चार महिने काम असा पर्याय आहे. रेझ्युमेत 'कंपनी कमांड केली' याला इथे किंमत नाही. त्याऐवजी लिहा: कोर्ट ऑफ इन्क्वायरी चालवली, साक्षी नोंदवल्या, समरी ऑफ एव्हिडन्स (साक्षी-पुराव्याची लेखी नोंद) तयार केला, उलटतपासणी घेतली. आर्मी रूल 180 खाली, ज्याच्या चारित्र्यावर किंवा लौकिकावर बालंट येऊ शकतं त्याला चौकशीत हजर राहून साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी द्यावी लागते. ते तुम्ही पाळलं असेल तर प्रशासकीय कायद्याचा गाभा तुम्हाला माहीत आहे. मुलाखतीत हेच सांगा.

नागरिकत्वाची वाट पाहू नका. वकिलीसाठी नागरिकत्वाची अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच, ब्रिटिश कोलंबियाच्या अँड्र्यूज खटल्यात, घटनाबाह्य ठरवली. मात्र परवान्यासाठी चांगल्या चारित्र्याची अट कायद्यातच आहे. फौजेत सेन्शर (अधिकृत ठपका) किंवा शिस्तीची कारवाई झाली असेल आणि अर्जातला प्रश्न तिला लागू होत असेल, तर स्वतःहून कागदांसकट सांगा. जुनी कारवाई समजावून सांगता येते, लपवलेली नाही.

कोर्टात 'माय लॉर्ड' म्हणू नका. 'युअर ऑनर' म्हणा, आणि किरकोळ प्रकरणं पाहणाऱ्या जस्टिस ऑफ द पीससमोर 'युअर वर्शिप'. सावधानमध्ये उभं राहायचीही गरज नाही, तरी पाय आपोआप जुळतात. आणि या सगळ्या धावपळीत 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला भरायला विसरू नका. आर्टिकलिंगच्या पगारात घर चालवताना ती पेन्शन लागणार आहे.