चोरीला गेलेला लॅपटॉप जाहिरातीत दिसला? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अधूनमधून एखादा पोरगा धापा टाकत येतो, मोबाईल माझ्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "काका, ह्यो बघा, माझाच हाय." स्क्रीनवर ओएलएक्सची नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसची जाहिरात असते. काळा लॅपटॉप, खाली फुलाफुलांची चादर, 'अर्जंट सेल', आणि किंमत बाजाराच्या निम्मी. बाहेर दोन मित्र गाडी चालू ठेवून थांबलेले असतात. तावडे हॉटेलपाशी भेटायचं ठरवूनही झालेलं असतं.

मी एवढंच विचारतो, "तुझ्या लॅपटॉपचा सिरीयल नंबर काय रे?"

मग पोरगा गप्प होतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

'तसाच आहे' म्हणजे 'तोच आहे' धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा काढतात. डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक असे मुंबई-पुण्यातून आपल्याकडच्या दुकानांत येतात. साफसफाई होते, रॅम वाढवतात आणि विकतात. हा सरळ धंदा आहे. या मशीनबरोबर मूळ बिल नसतं, चार्जर दुसराच असतो, बॉक्स तर नसतोच. म्हणजे 'बिल नाही, चार्जर नाही, स्वस्त आहे' ही जी चोरीच्या मालाची लक्षणं म्हणून सांगतात, ती चोख मालालाही लागू पडतात. त्यावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

मग ओळखायचं कशावरून? मी फोटो मोठा करून आधी कीबोर्ड बघतो. रोजच्या वापरानं ठरावीक बटणं गुळगुळीत होऊन चमकतात, एखाद्याचं अक्षर उडालेलं असतं. बिजागरीपाशी पडलेला चरा, काढलेल्या स्टिकरचा चिकट चौकोन, खालच्या झाकणाचा गेलेला स्क्रू, स्क्रीनवरचा मेलेला ठिपका. अशा तीन-चार खुणा जुळल्या तर पुढं बोलू. नुसतं मॉडेल आणि रंग जुळला तर काहीच जुळलं नाही असं समजा.

विकणारे आणखी एक गोष्ट आपण होऊन देतात. रॅम आणि प्रोसेसर दाखवायला ते विंडोजच्या सेटिंगमधल्या माहितीच्या पानाचा फोटो टाकतात. त्या पानावर सगळ्यात वर मशीनचं नाव असतं. विंडोजनं आपलं आपण दिलेलं, 'डेस्कटॉप' किंवा 'लॅपटॉप' आणि पुढं काहीतरी अगम्य अक्षरं-आकडे. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या उपकरणांच्या यादीत हेच नाव असतं. चोरानं विंडोज नव्यानं टाकलं नसेल तर ही दोन्ही नावं अक्षरन् अक्षर जुळतात. सायबर चौकाजवळ कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप सकाळी दार उघडं असताना गेला होता. त्याच्या बाबतीत हेच नाव जुळलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचा 'माझाच' म्हणून आलेला फोटो पाहिला, तर त्यातल्या कीबोर्डला आकड्यांचा वेगळा रकाना होता आणि त्याच्या मॉडेलला तो कधी नव्हताच.

विंडोज बदलली की नाव बदलतं. सिरीयल नंबर मात्र मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, लिहिलेला असतो. फॉरमॅट मारा, मागचा स्टिकर खरवडा, तो जात नाही. (मदरबोर्डच बदलला तर गोष्ट वेगळी, पण भुरटा चोर त्या भानगडीत पडत नाही.) हा नंबर बॉक्सवरच्या पांढऱ्या पट्टीवर, ॲपलच्या खात्यात आणि पुष्कळदा जीएसटी बिलावर किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही मिळतो. डेलवाले त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरी असतो. ऑनलाइन घेतला असेल तर जुन्या ऑर्डरमधून बिल पुन्हा काढता येतं. दुकानातून घेतला असेल तर दुकानदाराकडं दुसरी प्रत मागा, तो देतो.

'गहाळ' लिहून मोकळं होणं

पोलीस ठाण्यात गेल्यावर "हरवला म्हणून दाखला घेऊन टाका, लगेच मिळतोय" असं कुणीतरी सांगतं. आपल्यालाही बरं वाटतं, कटकट मिटली. पण गहाळ म्हणजे तुमच्या हातून कुठंतरी पडला. त्यात गुन्हा नाही, म्हणून तपासही नाही. नंतर जाहिरात घेऊन गेलात तर ती कुठल्या गुन्ह्याला जोडायची?

चोरी झाली असेल तर फिर्याद चोरीचीच द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते. राहत्या खोलीतून किंवा प्रवासी गाडीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्यादीत मॉडेलबरोबर सिरीयल नंबर आणि वर सांगितलेल्या खुणा लिहून घ्या. 'काळ्या रंगाचा लॅपटॉप, किंमत अंदाजे तीस हजार' एवढ्यावर उद्या मशीन समोर ठेवलं तरी तुमचं म्हणून सिद्ध करताना घाम फुटेल.

पुण्याहून एसटीनं येताना कराडच्या पुढं बॅग गेली आणि कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर उतरल्यावर कळलं, तर हद्दीचा वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. हीच झिरो एफआयआर. प्रत फुकट मिळते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदच घेतली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करता येतो.

१९३० हा नंबर ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. खोलीतून गेलेल्या लॅपटॉपसाठी तिथं फोन करून वेळ घालवू नका.

फोनचे उपाय लॅपटॉपला लावणं

"संचार साथीवर ब्लॉक करून टाक की." हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. सरकारच्या त्या वेबसाइटवरची ब्लॉक करायची सोय मोबाईलच्या आयएमईआय नंबरवर चालते आणि सिम न घेणाऱ्या साध्या लॅपटॉपला आयएमईआय नसतोच. दुसरा लाडका सल्ला मॅक ॲड्रेसचा, म्हणजे मशीनच्या वायफाय कार्डाच्या नंबरचा. "सायबरवाले मॅकवरून शोधतात." मॅक ॲड्रेस तुमच्या घरातल्या राउटरच्या पलीकडं जात नाही, त्यामुळं इंटरनेटवर बसून तो कुणाला दिसत नाही.

कामाला येतात ती तुमची खाती. विंडोजमधलं 'फाइंड माय डिव्हाइस' आधीपासून चालू असेल आणि मशीन नेटवर आलं तर जागा दिसते. चोरीनंतर ते चालू करता येत नाही. गुगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत तुमच्या लॅपटॉपवरून ते खातं शेवटचं कधी वापरलं गेलं ते दिसतं. इथं एक चूक हमखास होते. घाबरून लगेच सगळीकडून लॉगआउट मारायचं. आधी दोन मिनिटं थांबा, त्या पानाचे वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, मग पासवर्ड बदला आणि बाहेर काढा. आधी बँकेशी जोडलेला ईमेल, मग बाकीचे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे काहीही न करता पहिला फोन ऑफिसच्या आयटी विभागाला.

आणि यादीत 'मुंबई' दिसलं म्हणून मुंबईची रेल्वे पकडू नका. ते गाव आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेट कंपनीनं जोडणीला दिलेल्या नंबरवरून, काढलेलं असतं. आपण कोल्हापुरात बसून मोबाईलचं नेट वापरतो तेव्हाही पुष्कळदा मुंबई किंवा पुणे दिसतं. एकच आयपी एका वेळी बरेच ग्राहक वापरत असतात. म्हणून तपासात नुसता आयपी पुरत नाही, नेमकी वेळही लागते. ती तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये हवी.

शोधताना मॉडेलचं नाव टाकणं

चोराला मॉडेल माहीत नसतं. तो 'डेल लेपटॉप चांगला चालू' असं लिहितो, तेही इंग्रजीत आणि चुकीच्या स्पेलिंगनं. त्यामुळं कंपनीचं नाव, किमतीचा पट्टा आणि 'सर्वांत नवीन' एवढंच लावून बघा, स्पेलिंग बदलून बदलून. नुसतं कोल्हापूर धरू नका. इचलकरंजी, सांगली, मिरज, आणि निपाणी-बेळगावसुद्धा बघा. राज्याची सीमा तासाभरावर असताना इथला माल इथंच विकायला कोण ठेवेल? दुसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणून सोडूनही देऊ नका. माझ्या पाहण्यातल्या जाहिराती दोन-तीन आठवड्यांनी आल्या होत्या.

एकाच खात्यावरून वेगवेगळ्या कंपन्यांचे पाच-सहा लॅपटॉप, खातं नवं, प्रत्येक फोटोत पासवर्ड मागणारी स्क्रीन, असं दिसलं तर मात्र माझेही कान उभे राहतात.

जाहिरात सापडली की आनंदात ती घालवून बसणं

जाहिरात हा धागा आहे आणि तो एका बटणासरशी तुटतो. लोक काय करतात? 'ही चोरीची आहे' म्हणून वेबसाइटला कळवतात, जाहिरात निघते, मागं काही उरत नाही. किंवा विकणाऱ्याला मेसेज टाकतात, "हा माझा लॅपटॉप आहे, तू चोर आहेस." दहा मिनिटांत खातं बंद.

आधी जतन करा. जाहिरातीची लिंक, आयडी क्रमांक, विकणाऱ्याच्या खात्याचं पान, सगळे फोटो, आणि तारीख-वेळ दिसेल असे पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट. मूळ फायली फोनमध्ये तशाच ठेवा, कापाकापी करू नका. असा पुरावा न्यायालयात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फाइल कुठल्या फोनमध्ये आहे हे सांगावं लागतं. मग हे सगळं तपासी अंमलदारांना नेऊन द्या. विकणाऱ्याचा खरा नंबर आणि खात्याची माहिती वेबसाइट तुम्हाला देणार नाही, पोलिसांच्या लेखी मागणीला देते.

फोटोवरून नक्की होत नसेल तर कुठलाही गिऱ्हाईक विचारतो तेवढंच विचारा. "वॉरंटी शिल्लक आहे का बघतो, मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा." चोख विक्रेता लगेच पाठवतो. टाळाटाळ झाली तर तीही नोंद करून ठेवा आणि तिथंच थांबा. दहा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक कुणालाही खटकतो.

या टप्प्यावर अधिकची फसवणूकही होते. "दोन हजार टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणून पैसे घेतात आणि गायब होतात. फोटो तर दुसऱ्याच जाहिरातीतून उचललेले असतात. फोटोवरून शोध घेतला की तेच चित्र कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या जाहिरातीत सापडतं. इथं पैसे गेले तर मात्र १९३० हाच नंबर.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विकणाऱ्याचा फोटो 'चोर' म्हणून फिरवण्याचा मोह आवरा. तो तिसरा किंवा चौथा खरेदीदार असू शकतो. न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणं गुन्हा ठरतं ते माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर. बिनगुन्ह्याच्या माणसाची बदनामी केलीत तर त्याच संहितेच्या कलम ३५६ खाली तुम्हीच उत्तर द्यायला उभे राहाल.

तालमीची पोरं घेऊन जाणं

हे आपल्या गावाचं खास दुखणं. "चल भावा, बघूया कोण हाय त्यो." अंगात रग असते, पाठीशी पेठ असते. पण चार जणांनी मिळून एखाद्याला अडवलं, दोन ठेवून दिल्या, तर पहिली फिर्याद त्याची होते. त्यातून तो खरोखर चोर असला तरी पंचनाम्याशिवाय हिसकावून आणलेल्या लॅपटॉपला पुरावा म्हणून फारशी किंमत राहत नाही. भेट ठरवायचीच असेल तर ती पोलीस ठरवतील, तुम्ही ओळख पटवायला जा.

"पंधरा हजारात सुटतोय तर घेऊन टाकू" हा दुसरा टोकाचा मार्ग. माझ्या एका गिऱ्हाइकानं तेच केलं. पैसे गेले, लॅपटॉप आला, आतली एसएसडी काढून घेतलेली होती आणि प्रबंध त्या एसएसडीत होता.

सापडल्यावर ठाण्यातूनच घरी नेता येईल असं समजणं

जप्त झाला की तो मुद्देमाल होतो. परत घ्यायला न्यायालयात अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. बिल, ओळखपत्र आणि हमीपत्र लागतं. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नयेत, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं आहे. अर्ज करताना वकिलांना त्याची आठवण करून द्या.

आणलेलं मशीन लगेच चालू करून बँकेत लॉगिन करू नका. मधल्या काळात त्यात कुणी काय टाकलंय माहीत नाही. डेटा काढून घ्या, विंडोज कोरी टाका. त्या कॉट बेसिसवाल्या पोराचा लॅपटॉप आला तेव्हा बिजागरीला मुद्देमालाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती आणि हवेच्या जाळीत लाखेचा एक थेंब वाळून बसला होता. तो काढायला मला अर्धा तास लागला. पोरगा शेजारी बसून स्टिकरवरचा सिरीयल नंबर वहीत उतरवून घेत होता.