आईस बाथ घेताय? मग या चुका टाळा

सध्या कोल्हापुरात तालमीत म्हणा, जिममध्ये म्हणा, नाहीतर शाहू स्टेडियमवर मॅच खेळणाऱ्या पोरांच्यात म्हणा, बर्फाच्या पाण्यात बसायचं फॅड लय वाढलंय. रील बघायची, निळं बॅरल आणायचं, लादी फोडून टाकायची आणि गळ्यापर्यंत बसायचं. फायदा होतो, नाही असं नाही, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं, पण कधी बसायचं आणि कधी नाही हे कोण बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. वजनं उचलली, जोर-बैठका मारल्या की लगेच बर्फात, तेही रोज. व्यायामानंतर स्नायूत वाढीचे जे इशारे सुरू होतात, त्यातूनच तर स्नायू वाढतो, आणि थंड पाणी नेमकं तेच कमी करतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा 2015 साली एक अभ्यास आला होता, त्यात 12 आठवडे वेट ट्रेनिंग करून नंतर दर वेळी 10 मिनिटं गार पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायू, नुसती हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हणजे दूध, बदाम, थंडाई, मटण यावर घरचे एवढा खर्च करणार आणि पोरगं ती कमाई बॅरलमध्ये घालवणार, हे बघवत नाही. अंग कमवायच्या महिन्यांत बर्फ नको. आज मॅच झाली आणि उद्या परत मैदानात उतरायचंय, किंवा एकाच दिवसात दोन कुस्त्या आहेत, तेव्हा त्याचा खरा उपयोग.

दुसरं, जेवढं थंड तेवढं भारी असं काही नसतं. 10 ते 15 अंश पाणी आणि 10 ते 15 मिनिटं, बास. नवीन असाल तर 15 अंशाला चार-पाच मिनिटांनी सुरुवात करा. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो एवढं खाली दाखवतच नाही, फिश टँकच्या दुकानातला साधा घ्या. आणि बर्फाचा हिशोब आधी करा, 150 लिटर पाणी 28 अंशावर असेल तर ते 14 वर आणायला साधारण 22 किलो बर्फ लागतो, थंडीत नळाचं पाणीच 20 अंशाला येत असेल तर 10 किलोत भागतं. "पाणी गारच होईना" म्हणणारे बहुतेक जण दोन-चार किलो टाकून वाट बघत बसलेले असतात. पाणी सगळीकडं सारखं गार नसतं म्हणून ढवळून मग मोजा. बसल्यावर अंगाजवळचं पाणी जरा कोमट होतं, हातपाय हलवले की परत गार लागतं, त्यामुळं पहिल्यांदा बसताना शांत बसा.

उडी तर अजिबात मारू नका. अचानक गारठा लागला की श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, बीपी वाढतं, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट छातीत जातं. आधी पाय, मग कंबर, लांब श्वास सोडत सोडत खाली बसायचं, पहिली दोन-तीन मिनिटं गेली की श्वास जाग्यावर येतो. एकटं बसायचं नाही, उभ्या बॅरलमधून बधिर पायांनी बाहेर पडताना घसरून पडायची भीती असते, कोणतरी हात द्यायला पाहिजेच.

आता तालमीतल्या पोरांसाठी खास. एकाच पाण्यात दहा जण उतरायचं बंद करा. गजकर्ण, खरचटलेले गुडघे, पिकलेले फोड हे पैलवानांना नवीन नाही आणि पाणी गार आहे म्हणून जंतू मरत नाहीत. आधी माती धुवून घ्या, ज्याला त्वचेचा त्रास किंवा उघडी जखम आहे त्यानं बसूच नये, आणि पाणी रोज बदला.

बाहेर आल्यावर लगेच कढत पाण्यानं आंघोळ नको, चक्कर येऊ शकते. अंग पुसा, कोरडे कपडे, टोपी, चहा, थोडं चाला. बाहेर आल्यावरही आतलं तापमान थोडा वेळ उतरतच राहतं म्हणून कापरं उशिरा भरलं तर घाबरू नका, पण ते थांबेना, बोलणं अडखळायला लागलं किंवा पोरगं गोंधळल्यासारखं करायला लागलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. आत असताना छातीत दुखलं, बोटं पांढरी पडली तर त्याच क्षणी बाहेर. हार्टचा त्रास, वाढलेलं बीपी, किंवा शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचंच नाही, वस्ताद म्हणाले तरी.

फक्त एका वेळी डॉक्टरांची वाट बघत थांबायचं नसतं. एप्रिल-मेच्या उन्हात पळताना कोण कोसळला, अंग तापलंय, असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा, डोकं वर धरून.